आधी पोह्यांचं पान

पुस्तकांच्या दुकानात पाककृतींच्या कपाटापाशी माणसं कशी उभी राहतात, ते बघायला मला आवडतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात बघावं किंवा मुंबईत दादर स्टेशनबाहेर, रीत एकच. कादंबरी घेणारा मलपृष्ठ वाचतो. कवितेचा वाचक मधलंच एखादं पान उघडतो. पाककृतींचं पुस्तक हातात घेतलेली बाई मात्र थेट अनुक्रमणिकेवर जाते, बोट ओळीओळीवरून खाली नेते आणि जो पदार्थ तिला झोपेतून उठवलं तरी करता येईल, नेमका तोच काढून वाचते. अळूचं फदफदं, नाहीतर पुरणपोळी, नाहीतर पातळ पोह्यांचा चिवडा. ती आलेली असते न येणारं काही शिकायला, पण लिहिणारीची पारख करायची तर ती आपल्या हातातल्या पदार्थावरच करता येते. दोन मिनिटं वाचन होतं. मान हलते, किंवा पुस्तक मुकाट परत फळीवर जातं.

मीही तेच करतो. माझं पान पोह्यांचं. ज्याला काहीच येत नाही त्यालाही पोहे येतात असं आपल्याकडे धरून चाललेलं असतं, त्यामुळे बहुतेक पुस्तकांत पोह्यांच्या वाट्याला चार ओळी येतात. पोहे धुवावेत, फोडणी करावी, कांदा परतावा, पोहे घालून वाफ आणावी. यात चुकीचं काही नाही. पण पहिल्यांदाच कढईसमोर उभ्या राहिलेल्या माणसाची गाडी पहिल्या दोन शब्दांतच अडते. धुवावेत म्हणजे कसे? तांदळासारखे चोळून? डाळीसारखे भिजत घालून? जी लेखिका इथे थांबते, ती सांगते की जाड पोहे चाळणीत घ्यावेत आणि वरून पाण्याची धार सोडावी, पातेल्यात बुडवून ठेवू नयेत. पाणी निथळलं की तसेच थोडा वेळ राहू द्यावेत. मग एक दाणा चिमटीत धरून दाबावा. तो सहज मोडला पाहिजे, पण बोटाला चिकटता कामा नये. मीठ आणि साखर त्याच वेळी पोह्यांना लावून ठेवावी, म्हणजे कढईत फार ढवळावं लागत नाही आणि दाणा अख्खा राहतो. कोरडे वाटलेच तर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावं. हे वाचताना मला लिहिणारीचा हात दिसतो. तिनं हे पोहे शेकडो वेळा केलेत आणि त्यातल्या एखाद्या वेळी कुणाला तरी शेजारी उभं करून शिकवलेत, हे त्या चिमटीतल्या दाण्यावरून कळतं. असं पुस्तक मी पुढची पानं न चाळता घेतो.

पोह्यांचं पान आणखी एक गोष्ट सांगून टाकतं, ती म्हणजे पुस्तक कुठल्या गावचं आहे. पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री आली की लिहिणारं माणूस नागपूरकडचं. पातळ पोहे, ओलं खोबरं, बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि वरून गार फोडणी घालून सगळं दडपून ठेवलेलं असेल तर कोकण. बडीशेप, शेव आणि जिरावन असेल तर इंदूरच्या मराठी घराचा वास त्या पानाला आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'महाराष्ट्रीय पदार्थ' असं लिहिलेलं असतं, पण आत महाराष्ट्राचा एक कोपराच असतो, आणि मला वाटतं तो कोपराच असावा. एका माणसाला सबंध महाराष्ट्र येत नाही. जिथे सगळ्या जिल्ह्यांची हजेरी लावलेली असते, तिथे खानदेशातली फौजदारी डाळ आणि मालवणी तिखलं यांना एकाच कांदा-टोमॅटोच्या वाटणाची चव लागलेली असते. त्यापेक्षा सारस्वत महिला समाजाच्या बायकांनी मिळून काढलेली 'रसचंद्रिका' मला जवळची वाटते. तिला आपलं अंगण पुरेपूर ठाऊक आहे. खोबरं कुठल्या पदार्थाला भाजून घ्यायचं आणि कुठल्याला कच्चंच वाटायचं, हिंग फोडणीत की पाण्यात कालवून शेवटी, याबद्दल तिच्या मनात गोंधळ नाही.

पुस्तक निवडताना मी स्वतःला विचारतो: या लिखाणात चुलीपुढे कोण उभं आहे? लिहिणारी कोण हे तर बघायचंच, पण ती जिच्याशी बोलते आहे ती कोण, हेही बघायचं. प्रत्येक पाककृतीत एक न दिसणारं माणूस उभं असतं. त्याच्या हाताशी काय आहे, त्याला किती येतं, त्याला किती वेळ आहे, याचा काहीतरी अंदाज धरूनच वाक्य लिहिलं जातं. 'नेहमीप्रमाणे फोडणी करावी' असं वाक्य ज्या बाईसाठी लिहिलंय तिला नेहमीची फोडणी येते. ते ज्याला येत नाही त्याच्यासाठी हे पुस्तक नाही. त्यात पुस्तकाचा दोष नाही, आपल्या निवडीचा आहे.

कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 साली आली, तेव्हा तिच्यासमोर उभी असलेली मुलगी मला अगदी स्पष्ट दिसते. ती मोठ्या घरातून निघून मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांत आलेली आहे. चुलीच्या जागी गॅस आहे, बहुधा नवा कुकर आहे, आणि पाठीमागे उभं राहून 'अगं, आता आच कमी कर' असं सांगणारं कुणी नाही. ते सांगण्याचं काम कमलाबाईंनी अंगावर घेतलं. स्वतः शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या या बाईंना पुढे लोक एक लाख सुनांची सासू म्हणू लागले. त्यांची भाषा वाचून बघावी. तिच्यात कुठे मिरवणं नाही, आठवणींचे कढ नाहीत, फोटोंचा आधार नाही. आधी काय घ्यायचं, मग काय करायचं. आणि माप वाटीचं, चमच्याचं.

त्या वाटीबद्दल मला नेहमी आदर वाटत आलाय. जुन्या पुस्तकांमधून शेर, पावशेर, छटाक, तोळे अशी मापं असत. ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणजे साधारण 933 ग्रॅम. सोळा छटाकांचा शेर. 1956च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आणली आणि पुढच्या काही वर्षांत बाजारातला शेर गेला, किलो आला. आजीचा हात शेराचा, नातीची शाळा किलोची. त्या दोघींच्या मधोमध वाटी उभी राहिली. वाटी कितीची, हे विचारावंच लागत नाही, कारण ती वजन सांगतच नाही, प्रमाण सांगते. उकडीला एक वाटी पिठी तर एक वाटी पाणी. तुमची वाटी लहान असेल तर मोदक कमी होतील, बिघडणार नाहीत. एकच वाटी शेवटपर्यंत हातात ठेवायची, एवढीच अट. अर्थात वाटीची धाव तिथपर्यंतच. सोडा, मीठ, हिंग यांना वाटी उपयोगाची नाही, आणि पाकाला तर कुठलंच माप पुरत नाही. तिथे अंगठा आणि तर्जनी. पाकाचा थेंब दोन बोटांत धरून बोटं सावकाश लांब केली की मध्ये एक तार न तुटता उभी राहते, तो एकतारी. रव्याचे लाडू करणाऱ्याला हे वाक्य वाचून समजत नाही, करून समजतं. तरी ते वाक्य पुस्तकात हवंच, कारण करताना काय बघायचं ते त्यातूनच कळतं.

मी पहिल्यांदा भाड्याच्या खोलीत राहायला लागलो तेव्हा 'रुचिरा'च माझ्याबरोबर होती. ती मला उद्देशून लिहिलेली नव्हती. तिच्यातली ती मुलगी मी नव्हतो. पण शिकायला आलेल्याला दारातून परत पाठवणारं ते पुस्तक नाही. आज जे बाप आपल्या मुलाला पहिला वरणभात शिकवतात, त्यांनी नवं काही शोधण्याआधी ते एकदा उघडून बघावं असं मला मनापासून वाटतं. डाळ शिजली की घोटून घ्यायची आणि मगच पाणी घालायचं, एवढं एक वाक्य नीट कळलं तरी घरातलं वरण सुधारतं.

लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' 1910 सालचं. त्याच्याही आधी, 1875 साली, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' छापलं गेलं. ही पुस्तकं हातात घेतली की पुस्तकातलं माणूस पार बदलतं. एक हजार हा आकडाच बघा. हजार पाकक्रिया करून बघायला माणसांनी भरलेलं घर लागतं, हाताखाली माणसं लागतात, दुपार लागते. आपल्या घरात ती दुपार नाही. म्हणून ही पुस्तकं घ्यायची नाहीत का? मी तर म्हणेन, जरूर घ्यावीत, पण ओट्याशेजारी न ठेवता उशाशी ठेवावीत. पाककृती वाचण्याचं सुख करण्याच्या सुखापेक्षा वेगळं आहे आणि ते कमी प्रतीचं नाही. कुरडयांची कृती मी आजही अशीच वाचतो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून, गाळून तो पांढरा चीक रात्रभर बसू द्यायचा, सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. मग आधणात हिंग-मीठ घालून चीक ओतत एका दिशेनं ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी चमक येईपर्यंत. मग गरम असतानाच सोऱ्यात भरून, उन्हात पसरलेल्या कापडावर गोल गोल. माझ्या सदनिकेला तेवढं ऊनही नाही. पण त्या कृतीत एक मधली पायरी आहे, कुरडई होण्याआधीच्या गरम चिकाची. तो ताटलीत घेऊन वर दूध-साखर किंवा नुसतं कच्चं तेल घालून, घरातली मुलं पातेल्याभोवती बसून खायची. ती पायरी पुस्तकात बहुधा लिहिलेली नसते. ज्या पुस्तकात ती लिहिलेली असते, त्याच्या लेखिकेनं आपलं लहानपण त्या पातेल्याजवळ काढलेलं असतं.

आणखी मागे गेलं की मौज वाढते. सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्तांनी तंजावरच्या मराठी राज्यात, एकोजीराजांची राणी दीपाबाई यांच्या आश्रयानं 'भोजनकुतूहल' रचलं. त्याच्या पाचशे वर्षं आधी कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लासा'त राजाच्या जेवणाचा एक अख्खा भाग लिहिला. खानदेशात खापरावर भाजतात त्या मांड्यांचे पूर्वज त्यात आहेत. मिरची मात्र नाही. बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणा नाही, साबुदाणाही नाही. ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून, मुख्यतः पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर पुढच्या काळात आली. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही तिकडचाच. एकादशीला घरात खिचडी परतली जात असताना मुलांना हे सांगून बघावं. साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची: सगळं समुद्रापलीकडचं, आणि ताट आपल्या सर्वांत सोवळ्या दिवसाचं. मुलं खाता खाता थांबतात आणि मग प्रश्नांवर प्रश्न विचारतात. मग आधी उपासाला काय खात होते? शिंगाडा कुठला? वरी कुठली? ज्या घरात असे प्रश्न येतात, त्या घरात के. टी. अचयांचा भारतीय खाद्यपदार्थांचा कोश असावा. त्यात एकही पाककृती शोधावी लागत नाही, आणि एक शब्द बघायला उघडला की अर्धा तास जातो.

मुलांसाठी म्हणून मिळणारी रंगीत पाककृती-पुस्तकं मी बरीच चाळली. ब्रेडचे ससे, काकडीच्या होड्या. त्यांच्यावर माझा राग नाही, पण लहान मुलांना खाण्याची गोडी लावणारी खरी पुस्तकं वेगळ्याच फळीवर असतात असं मला वाटतं. 'श्यामची आई'तला अळणी भाजीचा प्रसंग घ्या. भाजीत मीठ पडलेलं नाही, आणि वडील एका शब्दानं ते न दाखवता जेवून उठतात. मीठ किती घालावं हे त्यातून शिकता येणार नाही. रांधणाऱ्या माणसाशी कसं वागावं ते मात्र त्या एका जेवणातून जन्मभर पुरेल इतकं कळतं. किंवा चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेलं 'तोत्तोचान'. त्यातल्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी मुलांच्या आयांना एवढंच सांगत, की डब्यात समुद्रातलं काहीतरी द्या आणि डोंगरावरचं काहीतरी द्या. आहाराबद्दलचं याहून सुटसुटीत मार्गदर्शन मी कुठे वाचलेलं नाही. डब्यात एक बाजू कमी असेल तर मुख्याध्यापकांच्या पत्नी दोन पातेली घेऊन फिरत आणि जे कमी ते वाढत. गरीब घरच्या मुलालाही खाली बघावं लागू नये, अशी ती व्यवस्था होती. हे पुस्तक मोठ्यानं वाचून झाल्यावर आमच्या घरात कित्येक दिवस जेवायला बसताना ताटाची तपासणी चालायची. डाळ कुठली? डोंगरावरची की समुद्रातली? मीठ समुद्रातलं, हे कुणीतरी शोधून काढलं तेव्हा केवढा जल्लोष झाला.

माझी भाची नोकरीसाठी जर्मनीला निघाली तेव्हा तिनं विचारलं होतं, ''मामा, एकच पुस्तक सांग. बॅगेत जागा नाही.'' एकच म्हटल्यावर माणूस विचारात पडतो. तिला सगळं येत होतं असं नाही आणि काहीच येत नव्हतं असंही नाही. भाकरी थापता येत नव्हती, पण फोडणीला हात बसलेला होता. तिकडे रवा मिळेल पण आपला रवा मिळेल का, कढीपत्ता मिळेल का, आणि आठवड्यातून कितीदा तिला ओट्यापाशी उभं राहावंसं वाटेल, हे काहीच ठाऊक नव्हतं. अशा वेळी मला वाटतं, नेमक्या कृती देणाऱ्या पुस्तकापेक्षा का आणि कशासाठी हे सांगणारं पुस्तक बरं. जिन्नस बदलले तरी ते हात सोडत नाही. कृष अशोक यांचं 'मसाला लॅब' त्या जातीचं आहे. कुकरमध्ये पाणी शंभरच्या वर, साधारण 120 अंशांपर्यंत तापतं म्हणून डाळ लवकर शिजते. कांदा परतताना चिमूटभर सोडा त्याला लवकर तांबूस करतो. आंबट आधी घातलं तर डाळ दडस राहते. आपल्या आया हे सगळं जाणत होत्या, फक्त त्याचं कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी तिनं दोन पुस्तकं नेली. एक हे, आणि दुसरी 'रुचिरा', तिच्या आईची, म्हणजे माझ्या बहिणीची. तिकडे प्रत्येक घरात वजनकाटा असतो आणि सगळी पुस्तकं ग्रॅममध्ये बोलतात. तिनं पहिल्याच महिन्यात बरोबर नेलेली वाटी काट्यावर ठेवली आणि समासात पेन्सिलीनं ग्रॅम लिहीत गेली: रवा, बेसन, साखर, प्रत्येकाचा आकडा वेगळा. पुरणपोळीच्या पारीला तिकडचं 405 नंबरचं पीठ चालतं, हे तिनं स्वतः शोधलं. क्वार्क नावाचं तिकडचं घट्ट दही मिळालं तेव्हा चक्का बांधायचं कारणच उरलं नाही आणि पाडव्याला श्रीखंड झालं. आता त्या प्रतीत कमलाबाईंची वाक्यं आहेत, बहिणीच्या बॉलपेनच्या खुणा आहेत आणि भाचीचे पेन्सिलीतले ग्रॅम आहेत. मधल्या अडचणींसाठी फोनवर आईचे आवाजी निरोप येतात, मागे मिक्सर चालू असलेले. मधुर जाफरी लंडनला नाट्यशिक्षण घेत होत्या तेव्हा त्यांची आई दिल्लीहून पत्रांतून पाककृती कळवायची, आणि त्या पत्रांवर शिकलेली ही मुलगी पुढे 1973 साली परदेशी वाचकांसाठी भारतीय स्वयंपाकाचं पुस्तक लिहिती झाली. घरापासून लांब गेलेल्या माणसाला पाककृती जितक्या नेमक्या हव्या असतात तितक्या घरातल्या माणसाला कधीच लागत नाहीत. मला तर वाटतं, खाण्यावरची कितीतरी चांगली पुस्तकं अशा लांब राहिल्यामुळेच लिहिली गेली असतील.

आणि काही पुस्तकं दूर ठेवलं गेल्यामुळे. मराठी पाककृतींच्या कपाटात एक मोठी जागा कितीतरी वर्षं मोकळीच होती, आणि ती मोकळी आहे हे आपल्यातल्या बहुतेकांच्या ध्यानातही आलं नव्हतं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांमधलं खाणं त्यांनी त्यात लिहून ठेवलं. रक्ती, वजडी, उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या. तेल बेताचं, तूप-दूध जवळजवळ नाहीच. रानातून खुडून आणलेला पाला. 2024 साली भूषण कोरगांवकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि ते महाराष्ट्राबाहेर पोचलं. हे पुस्तक वाचताना माझा नेहमीचा प्रश्न मला पुन्हा नीट विचारावा लागला. यात चुलीपुढे कोण आहे, हे तर दिसतं. पण पाटोळे बोलतायत कुणाशी? ज्यांनी हे रांधलं त्यांना कृतीची गरज नव्हती. ते बोलतात पुढच्या पिढीशी, जिला हे पदार्थ आता माहीतही नसतील, आणि आमच्यासारख्यांशी, ज्यांनी 'मराठी जेवण' म्हणताना हे ताट कधी मोजलंच नाही. घरात 'रुचिरा' असेल तर तिच्या शेजारी हे पुस्तक असायला हवं, असं मी आग्रहानं सांगतो. दुर्गाबाई भागवतांचं 'खमंग' त्याच फळीवर असू द्यावं. तीन पुस्तकं, तीन वेगळ्या चुली, आणि वाचणारं घर एक.

बाकी बारीकसारीक गोष्टी आहेत, त्या दुकानात उभ्या उभ्या बघून घ्याव्यात. पुस्तक ओट्यावर उघडं ठेवलं तर उघडं राहतं का, की बांधणी त्याला मिटवते? अक्षर हातभर अंतरावरून वाचता येतं का? फोटो असतील तर ते सजवलेल्या शेवटच्या ताटाचे आहेत की मधल्या अवस्थांचे? कांदा 'गुलाबी' म्हणजे किती, मसाल्याला तेल सुटलं म्हणजे कढईच्या कडेला नेमकं काय दिसतं, याचा एक साधा फोटो दहा चकचकीत ताटांपेक्षा उपयोगी पडतो. आणि सूची. आपल्या पुस्तकांतून भाज्या, आमट्या, कोशिंबिरी, पक्वान्नं असे विभाग असतात. पण संध्याकाळी कामावरून आलेलं माणूस विभाग शोधत नसतं, त्याच्या हातात अर्धा दुधी असतो. 'दुधी' या नावाखाली सगळी पानं एकत्र देणारी सूची फार थोड्या मराठी पुस्तकांत दिसते. झटपट पदार्थांची आणि वजन उतरवण्याची पुस्तकं मी सहसा घेत नाही. त्यांना जेवणाची घाई असते किंवा जेवणाची भीती असते, आणि दोन्ही गोष्टी घरात आणाव्यात असं मला वाटत नाही.

एक पुस्तक मात्र मी बरीच वर्षं शोधतोय आणि ते मला अजून हवं तसं मिळालेलं नाही. रानभाज्यांवर पुस्तकं आहेत, प्रदर्शनांतून पुस्तिका मिळतात, त्यात वनस्पतीचं नाव, गुणधर्म आणि तीन ओळींची कृती असते. मला हवंय ते रानात जाऊन खुडून आणणाऱ्या बायकांच्या तोंडचं. टाकळा किती कोवळा असताना घ्यायचा, भारंगीचा कडूपणा किती ठेवायचा आणि किती घालवायचा, कुर्डूचा पाला कुठल्या पावसानंतर जून होतो, हे सगळं त्या सांगतात तसं. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेजारी काकडांचे लहान लहान हिरवे वाटे. शेवळं खाजरी, काकडांच्या आंबट रसानं त्यांची खाज मरते, म्हणून दोन्ही एकत्रच घ्यायचं.

गेल्या पावसाळ्यात मी एका मावशींपुढे बसलो. नुसती शेवळं मागितली तर त्या म्हणाल्या, ''काकडं घेतल्याबिगर देनार नाय. घसा धरंल.''

काकडं घेतली. मग करायची कशी, ते विचारलं. त्यांनी एक शेवळ उचलून वरचं पान सोलून दाखवलं, आतला खालचा पिवळा भाग नखानं काढून टाकला, हा ठेवायचा नाही म्हणाल्या. उरलेलं बारीक चिरायचं, तेलात परतायचं, मग काकडांचा रस. पलीकडे उभ्या असलेल्या एक बाई मध्येच म्हणाल्या, आमच्याकडे यात कोलंबी घालतात. मागून दुसऱ्या कुणीतरी खिम्याचं नाव काढलं. मावशींनी दोघींना मान्यता दिली, पण परतणं आधी नीट झालं पाहिजे, म्हणाल्या.

''किती वेळ परतायची?''

''वास बदलतो ना, तवर.''

शेजारी टाकळ्याचे वाटे लावत बसलेल्या आजी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी मान वर केली. ''वासाचं काय सांगतेस गं त्याला? रंग बघायचा रंग,'' असं म्हणून त्या माझ्याकडे वळल्या, आणि मावशींनी त्यांना मध्येच तोडलं.